टीप क्रमांक अकरा

मे महिन्यात निकाल लागतात,
आधी विमा कंपन्यांचे, मग पोरांचे.
सेहेचाळीस अंश. त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या मजल्यावर
कूलरचा वाळा भिजवून मी बसते
एकशे बारा पानं उघडून.

कायद्यानं सांगावंच लागतं त्यांना
किती जोखीम घेतली, किती दुसऱ्याच्या खांद्यावर दिली,
किती दावे फेडले, किती नाकारले,
आणि किती नुसते बसून आहेत
बाकावर बसल्यासारखे.
सांगावंच लागतं.
कुठल्या आवाजात, ते कायदा सांगत नाही.

म्हणून मी मागून वाचते.
अध्यक्षांचं पत्र, सूर्यास्ताकडे बघणारं ते सुखी कुटुंब
ओलांडून थेट तळटिपांत.
गोकुळपेठ बाजारात आई
वरची वांगी कधी बघायची नाही,
हात खाली घालायची.

सॉल्व्हन्सी एक पूर्णांक एकसष्ट.
काठ दीडचा. म्हणजे अजून पाय टेकतात.
गेल्या वर्षी ब्याऐंशी होती.
एकवीस बोटं पाणी चढलं,
असं कोष्टकात लिहिता येत नाही.

टीप अकरा:
‘घडलेल्या परंतु न कळवलेल्या दाव्यांसाठीची तरतूद
सुधारित अंदाजानुसार कमी केली आहे.’
‘सुधारित’पाशी मी पेन्सिल टेकवते.

घडलेल्या, परंतु न कळवलेल्या.
बारा वर्षं झाली, अजून या शब्दांशी थांबायला होतं.
कुणाच्या छातीत गाठ आहे, बोटांना सापडलेली नाही.
कोंढाळीजवळ ट्रक उलटलाय, मालक झोपलाय.
भिंतीत ओल मुरतेय आणि घराला कुलूप.
या सगळ्यांसाठी कुणीतरी आधीच
पैसे बाजूला काढून ठेवायचे असतात.
यांनी ठरवलं,
यंदा जग जरा कमी मोडलं असेल.

खाली नंदनवार राहतात.
इतवारीत साड्यांचं दुकान. गेल्या श्रावणात
नाला तळघरात शिरला, सहाशे नग भिजले,
काठाचा रंग अंगात उतरला.
सर्व्हेअर दोनदा येऊन चहा पिऊन गेला.
कंपनी हीच.

परवा जिन्यात भेटले, काखेत टरबूज.
“तुमच्या त्या कागदाइत माझं येते का जी कुठं?”
येतं, म्हटलं.
पान चौसष्ट, रांग चौथी,
सहा महिन्यांहून जुने : चारशे सतरा.
“नाव?”
नाव नसतं.
“मंग मी कोणता?”
टरबूज या काखेतून त्या काखेत गेलं.
मी आकड्यांची बाई, पण हा आकडा मला फोडता येईना.
“सतरातला शेवटला असन,” ते म्हणाले,
आणि हसले नाहीत.

रात्री मुंबईला तीन वाक्यं पाठवली.
तरतूद अपुरी वाटते.
दाव्यांचं वय वाढतंय.
हिस्सा कमी करावा.
उत्तरादाखल पिवळा अंगठा आला.
सकाळी भाव दोन रुपये दहा पैशांनी खाली गेला,
जेवणापर्यंत निम्मा परत चढला.
ज्यांना मी सांगितलं ते वेळेत बाहेर पडले.
नंदनवारांना विकायला काही नाही,
ते आतच आहेत, चौथ्या रांगेत.

संध्याकाळी गच्चीवर त्यांची सून
डागाच्या साड्या उलटून पालटून वाळवत होती.
निम्म्या भावात काढतात आता.
मी एक घेतली, हिरवी,
काठाचा लाल वितभर वर आलेला.

उद्या फंडवाल्यांशी बैठक आहे.
तीच नेसेन म्हणते.
कॅमेऱ्यात खांद्यापर्यंतच दिसतं.
डाग खाली आहे,
निऱ्यांत.